मुळशीची काडी

सप्टेंबर म्हणजे आमच्या लॅबमध्ये द्राक्षाच्या काडी तपासणीचा सीझन. ऑक्टोबर छाटणीआधी बागायतदार काड्या आणून देतात, आम्ही काडीवरचा डोळा, म्हणजे कळी, ब्लेडने कापून मायक्रोस्कोपखाली आत घड आहे का बघतो, त्यावरून कितव्या डोळ्यावर छाटायचं ते ठरतं. येणारे बहुतेक जुन्नर, इंदापूर, बारामतीकडचे. हे काका कोथरूडचे, रिटायर्ड, मुळशीत प्लॉट घेऊन तिथे वाइनसाठी शिराझ जातीची द्राक्षं लावलेली.

काडी हातात घेतली तेव्हाच कळलं. पिकलेली काडी कशी तपकिरी असते, वाकवली की करकरते, आडवी कापली तर आतला गाभाही तपकिरी. ही हिरवी, लिबलिबीत, आत पांढरीफटक. डोळे कापले तर घड नाहीच, नुसत्या बाळ्या, म्हणजे वेलीचे तणावे. म्हटलं काका, मुळशीत द्राक्ष जमणं अवघड.

"पण नाशिक ६०० मीटरवर, माझा प्लॉटही तेवढाच. आणि द्राक्षं हिवाळ्यात येतात ना, तेव्हा मुळशीत कुठे पाऊस असतो?"

प्रश्न रास्त होता, रोपं विकणाऱ्या नर्सरीवाल्याला पडला असता तर बरं झालं असतं. पण त्याने गावसुद्धा विचारलं नव्हतं.

फ्रान्समध्ये वेल थंडीत झोपते. आपल्याकडे ती झोपतच नाही, म्हणून एप्रिलला खरड छाटणी आणि ऑक्टोबरला फळछाटणी, अशी दोनदा छाटून पीक मात्र एकच, जानेवारी ते मार्चमध्ये. आता गंमत अशी की त्या पिकाचा घड डोळ्यात तयार होतो खरड छाटणीनंतर दीड-दोन महिन्यांत, म्हणजे मेअखेर ते जून, आणि तेव्हा लख्ख ऊन लागतं, मग पावसाळाभर पानं टिकली तर काडी पिकते. मुळशीत तेव्हा ढगच ढग, वर डाऊनी आणि करपा हे बुरशीचे रोग पानं खाऊन टाकतात. मुळशीतल्याच ताम्हिणीला कित्येक हजार मिलिमीटर पाऊस आणि दौंडला जेमतेम ५००, एकाच जिल्ह्यात! सह्याद्री ओलांडेपर्यंत ढग रिकामे होतात, म्हणून वाइनच्या बागा तिकडे, दौंडजवळच्या रोटी गावाला वगैरे.

"रोटीला बघण्यासारखं काय आहे हो?" काका म्हणाले.

काही नाही. म्हणूनच प्लॉटवाल्यांच्या ब्रोशरमध्ये रोटी नसते, धुक्यातली हिरवीगार टेकडी असते.

परवा फोन आला, सांगलीकडे प्लास्टिक कव्हर टाकतात म्हणे, मी टाकू का? म्हटलं काका, त्याने पाणी अडेल, ऊन कुठून आणणार? तरी कोटेशन मागवलंय त्यांनी.