तुम्ही विचारलंत म्हणून: कायदा बदलला, आता मोर्चा कशाला?

"कायदा बदलला, आता तुम्हाला कोणी काही म्हणत नाही, मग दर वर्षी मुंबईला जाऊन ते इंद्रधनुषी झेंडे नाचवायची काय गरज?" आम्हा समलैंगिकांच्या मोर्चाबद्दलचा हा प्रश्न बडोद्यात, दांडिया बाजारातल्या आमच्या वाड्यात, मला आरतीनंतर प्रसाद वाटता वाटताही विचारला गेला आहे. विचारणारी माणसे मायेची आहेत, म्हणून सविस्तर उत्तर देतो.

२००३ च्या पावसाळ्यात एका बागेत मी मित्राशी बोलत बसलो असताना खाकी वर्दीतल्या एका माणसाने माझी कॉलर धरली. ३७७, म्हणजे समलैंगिक संबंधांना गुन्हा ठरवणाऱ्या कलमाचा आकडा, त्याला तोंडपाठ होता. मला मात्र त्याचा अर्थ तेव्हा धड ठाऊकही नव्हता. "घरचा नंबर सांग," एवढेच तो शांतपणे म्हणत राहिला. खिशातले साठ रुपये पुरेनात, तेव्हा पदवी मिळाल्यावर वडिलांनी दिलेले एचएमटीचे घड्याळ मी काढून दिले आणि घरी ते बसमध्ये हरवल्याचे सांगितले. वडील दोन दिवस बस डेपोत चौकशी करत फिरले.

आमच्या उत्सवाची सुरुवात अशा धरलेल्या कॉलरींपासूनच झाली आहे. न्यूयॉर्कमधल्या स्टोनवॉल इन या समलैंगिकांच्या बारवर २८ जून १९६९ च्या पहाटे पोलिसांची धाड पडली, तेव्हा गिऱ्हाइके नेहमीप्रमाणे मुकाट्याने गाडीत न चढता उलटली, आणि बरोबर वर्षाने त्याच दिवशी तिथे पहिला मोर्चा निघाला. दिल्लीत कॅनॉट प्लेसच्या बागेतून पुरुषांना समलैंगिक असल्याच्या संशयावरून उचलून नेले जाऊ लागल्यावर 'एड्स भेदभाव विरोधी आंदोलन' या संघटनेने ११ ऑगस्ट १९९२ रोजी थेट पोलीस मुख्यालयासमोर निदर्शने केली, आणि तिहार तुरुंगात निरोध वाटण्यास नकार मिळाल्यावर १९९४ मध्ये तिनेच ३७७ ला न्यायालयात आव्हान दिले. कोलकात्यात २ जुलै १९९९ रोजी मोर्चात जे चालले ते जेमतेम पंधरा जण होते; त्यानंतर दहा वर्षांनी, त्याच तारखेला, दिल्ली उच्च न्यायालयाने सहमतीचे समलैंगिक संबंध गुन्हा नाहीत असा आमच्या बाजूने निकाल दिला. तो निकाल २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने फिरवला आणि ६ सप्टेंबर २०१८ रोजी पुन्हा आमच्या बाजूने न्याय दिला. एकदा मिळालेले चार वर्षांत हातचे जाते, हे आम्ही पाहिलेले आहे.

मुंबईचा मोर्चा २००८ मध्ये ऑगस्ट क्रांती मैदानातून निघाला आणि त्याच्या नावातच 'आझादी' आहे. तिथे मी नाचतोही, चांगला घाम निघेपर्यंत नाचतो. पन्नाशीकडे झुकलेल्या माणसाने ढोल वाजत असताना कडेला उभे राहावे, असे मला वाटत नाही.

राहिला कायद्याचा प्रश्न. आमच्या विवाहाला मान्यता देण्यास सर्वोच्च न्यायालयाने १७ ऑक्टोबर २०२३ रोजी नकार दिला. पुढच्याच हिवाळ्यात माझ्या जोडीदाराच्या पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेआधी रुग्णालयातल्या मुलीने अर्ज पुढे केला, तेव्हा 'रुग्णाशी नाते' या रकान्यात मी 'मित्र' असे लिहिले. तिने अदबीने तो परत केला आणि रक्ताच्या नात्यातले कोणी हवे म्हणून सांगितले. सोळा वर्षे एका घरात राहिलेला मी, वर्षाकाठी एकदा फोन करणारा त्याचा चुलतभाऊ सुरतहून सही करायला येईपर्यंत, बाहेरच्या बाकावर त्याची चप्पल आणि चष्मा सांभाळत बसलो होतो.