नाव कापले तर?

“नाव कापलं तं राशन बंद होईन का जी?” बीएलओ (मतदान केंद्रस्तरीय अधिकारी) असलेल्या अंगणवाडी सेविकेने मतदार यादीतून नाव वगळण्याचा अर्ज, म्हणजे नमुना ७, पुढे करताच शेजारच्या काकूंनी विचारले. काकांच्या मृत्यूची नोंद ग्रामपंचायतीत केव्हाच झाली. मतदार यादीत मात्र ते हयात आहेत.

राशनचा या यादीशी संबंध नाही, हे सेविकेने समजावले. तरीही काकूंची भीती मला अनाठायी वाटली नाही, कारण कोणत्या कागदाने काय अडेल, याचा आमच्याकडे नेम नसतो.

मृत्युनोंदणीची माहिती थेट इलेक्ट्रॉनिक स्वरूपात घेतली जाईल, म्हणजे नमुना ७ची वाट न पाहता बीएलओंना घरी जाऊन खात्री करता येईल, असे निवडणूक आयोगाने मे २०२५ मध्ये जाहीर केले. ते योग्यच आहे. पण सोयाबीन सोंगणीच्या दिवसांत, सारे गाव वावरात असताना, कुलूपबंद घरांची खात्री या सेविकेने केव्हा करायची?