ब्रश टर्कीचा ढिगारा : सप्टेंबर ते डिसेंबर

सप्टेंबर : ऑस्ट्रेलियातल्या ब्रिस्बेनमध्ये ब्रश टर्की हा पक्षी बघायला कुठे जावं लागत नाही, तोच घरी येतो. हा अंड्यांवर बसत नाही, पाल्याच्या ढिगाऱ्यात पुरून ती उबवतो. यंदा आमच्या मागच्या कुंपणापाशी एका नराने ढिगारा घालायला घेतला. ढिगाऱ्याकडे पाठ करून पंज्यांनी पाला मागे फेकत येतो, झुडपांखालचं आच्छादन साफ. शेजारी म्हणाले, ताडपत्री टाका. पक्षी कायद्याने संरक्षित, आणि मला तर नोंदी हव्यात. राहू दे.

ऑक्टोबर : उंची कंबरेपर्यंत आली. पूर्ण झालेल्या ढिगाऱ्यात दोन ते चार टन माल असतो म्हणे, आता पटतं. कंपोस्टवाल्यांनी इकडे लक्ष द्या. स्वयंपाकघरातला कचरा आणि कापलेलं गवत घातलं की आपला ढीग 55 अंशांच्या वर उसळतो आणि मग बसतो. या पक्ष्याला मात्र अंड्यांसाठी 33 ते 35 अंश लागतात, तेही महिनोन्‌महिने. कुजणाऱ्या पाल्यातले सूक्ष्मजीव ऊब देतात, पण ती आवरायचं काम नराचं. भोक पाडतो, मान आत खुपसतो, चोचीत पाला घेऊन ऊब जोखतो. मग कधी वरून भर घालतो, कधी ढिगारा उकलून ठेवतो. ऊब जमेपर्यंत मादीलाही हुसकावून लावतो! थर्मामीटर खुपसायचा मोह झाला, पण आवरला.

नोव्हेंबर : माद्या येऊन जातात. एकच मादी वेगवेगळ्या नरांच्या ढिगाऱ्यांत अंडी घालते, त्यामुळे हिशेब लावण्यात अर्थ नाही. अंडं साधारण 180 ग्रॅम, म्हणजे कोंबडीच्या तिप्पट, आणि रुंद टोक वर करून उभं पुरलेलं. 34 अंशांना नर-मादी पिल्लं जवळपास सारखी निघतात, ऊब वाढली तर माद्या जास्त, घटली तर नर. कासवासारखं तापमानाने लिंग ठरत नाही. न मानवणाऱ्या उबेत त्या-त्या लिंगाचे गर्भ जास्त दगावतात. मला या पक्ष्यातली ही सगळ्यात भारी गोष्ट वाटते. घोरपड आली होती, नराने तिच्या तोंडावर पाला उडवून पिटाळली.

डिसेंबर : सुमारे सात आठवड्यांनी अंडं फुटतं. पिल्लू लाथांनी कवच फोडतं, एक-दोन दिवस पाला उकरत वर येतं आणि काही तासांत उडू शकतं. आई-बाप सांभाळत नाहीत. कॅमेऱ्यात एक तपकिरी पिल्लू सापडलं, थेट झुडपात पळालं. बाप हातभर अंतरावर पाला ओढत होता, ढुंकूनही पाहिलं नाही. चित्रण धूसर आहे. कॅमेरा आता झुडपाच्या बाजूला हलवलाय, अजून अंडी असणार.