हँडल फिरलंच नाही

परवाच जाऊन आलो एका थीम पार्कच्या त्या नवीन झोनला, म्हणजे नव्या विभागाला, ज्याचा ट्रेलर गेलं वर्षभर आमच्या घरात रोज लागायचा. पार्कचं नाव लिहीत नाही, मला कुणाशी भांडायचं नाहीये, जे बघितलं आणि जे वाटलं तेवढं लिहायचंय. माझी भाची नऊ वर्षांची आहे, तिनं ट्रेलर थांबवून थांबवून त्या झोनचा नकाशाच काढून ठेवला होता, कुठं पूल, कुठं मनोरा, कुठं ती वाकडीतिकडी गल्ली आणि गल्लीच्या टोकाला ते हिरवं दार. हिरवं दार तिचं सगळ्यात लाडकं. ट्रेलरमधे ते किंचित उघडतं आणि आतून पिवळा उजेड बाहेर येतो, बस एवढंच, दोन सेकंद असतील नसतील.

तर गेट उघडलं तशी ती थेट दाराकडेच पळाली. राईड कुठंय, लाईन कुठंय, काही नाही. आणि दार होतं, अगदी नकाशात होतं तिथंच होतं, पण जवळ गेल्यावर कळलं की ते दार नाहीच, भिंतच आहे. सिमेंटवर रेघा ओढून, रंग देऊन केलेलं लाकूड. हँडल मात्र खरं, पितळी, चार स्क्रूंनी भिंतीत पक्कं बसवलेलं, आणि त्याच्या कडेचा रंग इतक्यातच उडालेला, कारण आमच्या आधी कितीतरी जणांनी ते फिरवून बघितलं असणार. तिनं एका हातानं फिरवलं, मग दोन्ही हातांनी, मग दाराला कान लावून उभी राहिली. म्हणाली, "मामा, आतून कोणी उघडतं का?"

मला काय सांगावं सुचेना. ताईनं तिचा हात धरला आणि म्हणाली, चल आधी राईडला जाऊ, मग परत येऊ.

राईडचं सांगतो. नकाशात दोन राईड आणि एक शो होता. उघडलेली राईड एकच. शो "काही दिवसांत". दुसऱ्या राईडच्या जागी उंच पत्रे, त्यावर सुंदर चित्र काढलेलं आणि खाली मोठ्या अक्षरात "लवकरच". पत्र्यांच्या फटीतून आत लोखंडी सांगाडा दिसत होता. म्हणजे दोन महिन्यांचं काम राहिलंय असं ते वाटत नव्हतं, बरंच राहिलंय. आणि बुकिंग करताना लिहिलेलं काय होतं, तर "नवीन झोन सुरू". त्यात अर्धा हा शब्द कुठंच नव्हता, मी घरी आल्यावर परत जाऊन वाचलं.

लाईनच्या तोंडावर बोर्ड होता ९० मिनिटांचा. आम्हाला लागले दोन तास दहा मिनिटं, त्यात मधे एकदा पस्तीस मिनिटं राईड बंद पडली. बंद पडण्याबद्दल माझी तक्रार नाही, नवीन मशीन आहे, सेन्सरला जरा काही वेगळं वाटलं की ती थांबणारच आणि थांबलीच पाहिजे, माणसं बसलेली असतात त्यात. पण मी उभा राहून मोजत होतो, दुसरं करायला काही नव्हतंच. एका गाडीत बारा जण. गाडी साधारण सत्तर सेकंदांनी सुटत होती. म्हणजे तासाला ५१ गाड्या, सहाशेच्या थोडे वर लोक. चढायचे प्लॅटफॉर्म दोन होते पण एकाला साखळी लावलेली, दोन्ही चालू असते आणि गाडी चाळीस सेकंदांनी सुटली असती तर तासाला हजाराच्या वर गेले असते. अख्ख्या झोनमधे एकच राईड असताना ती सहाशेवर चालवायची आणि आत मात्र वाट्टेल तितके लोक सोडायचे, तर लाईन दुसरं काय होणार.

ही काही नवीन समजलेली गोष्ट नाहीये हो. अमेरिकेतल्या डिस्नीलँडमधलं हाँटेड मॅन्शन, म्हणजे भुताच्या वाड्याची राईड, १९६९ सालचं, त्यात गाड्या थांबतच नाहीत, एकामागे एक साखळीसारख्या चालत राहतात, आपण चालत्या पट्ट्यावरून त्यात बसायचं. त्यामुळे तासाला दोन हजाराच्या वर माणसं आरामात जातात. पन्नास वर्षांपूर्वी लोकांनी हा विचार केला होता की बाबा गर्दी येणार, तिला खेचून पुढे न्यायला पाहिजे. उलट ऑरलँडोच्या आयलंड्स ऑफ अ‍ॅडव्हेंचरमधे या पार्कात १३ जून २०१९ ला हॅरी पॉटरमधल्या हॅग्रिडच्या मोटरबाईकची नवी रोलर कोस्टर उघडली, राईड लोकांना प्रचंड आवडली, पण पहिल्या दिवशी लाईन गेली दहा तासांपर्यंत. दहा तास! राईड कितीही चांगली असू दे, दहा तास उभं राहिलेल्या लहान मुलाच्या पायाला ते कळत नाही.

आमच्या लाईनमधे निम्म्या रस्त्यावर सावली नव्हती. झाडं लावलीयेत पण ती कालची लावलेली, बांबूच्या आधारानं उभी, त्यांची सावली माझ्या बॅगेएवढी. बसायला कठडासुद्धा नाही, म्हणजे कठडे आहेत पण मुद्दाम उतरते केलेत की कोणी बसू नये. आमच्या पुढे एक आजी होत्या, नातवंडांबरोबर आलेल्या, त्या शेवटी फरशीवरच बसल्या. लाईन सरकली की नातू त्यांना हात देऊन उठवायचा, दोन पावलं पुढं, परत खाली. हे मी दीड तास बघितलं. राईड साडेचार मिनिटांची होती आणि चांगली होती, खरंच चांगली, शेवटचा अंधारातला टप्पा तर भाचीला फार आवडला. पण उतरल्यावर मला ती राईड आठवत नव्हती, त्या आजी आठवत होत्या.

आणि इथं मला जे म्हणायचंय ते येतं. झोन म्हणजे राईड नव्हे. आपण दिवसभरात राईडवर किती वेळ असतो, सगळे मिळून वीस मिनिटं, फार तर अर्धा तास. बाकीचा अख्खा दिवस आपण राईड आणि राईडच्या मधे असतो, चालत असतो, उभे असतो, कोणाची तरी वाट बघत असतो. तर ती मधली जागा हीच खरी जागा आहे. तिथं सावली आहे का, बसायला आहे का, एखादी खिडकी अचानक उजळते का, दार उघडतं का. आणि पैसे कमी पडायला लागले, तारीख जवळ यायला लागली की सगळ्यात आधी कात्री लागते ती यालाच, कारण राईड कापली तर बातमी होते आणि दार कापलं तर कोणाला कळतच नाही. फक्त नऊ वर्षांच्या मुलीला कळतं.

लोक समजूत घालायला म्हणतात की अरे डिस्नीलँडपण असंच उघडलं होतं. बरोबर आहे. १७ जुलै १९५५. जेमतेम वर्षभरात बांधून काढलेलं पार्क, टीव्हीवर लाईव्ह उद्घाटन, खोटी तिकिटं छापून घुसलेले लोक, कडक ऊन, नुकतंच घातलेलं डांबर इतकं मऊ की बायकांच्या सँडलच्या टाचा त्यात रुतत होत्या. प्लंबरचा संप झालेला म्हणून संडास चालू ठेवायचे की प्यायच्या पाण्याचे नळ, यातलं एक निवडावं लागलं, त्यांनी संडास निवडले आणि लोक पाण्यावाचून तडफडले. टुमॉरोलँड हा विभाग तर तयारच नव्हता, फुगे आणि पताका लावून रिकामी जागा झाकली होती. हे सगळं खरं. पण ही गोष्ट सांगणारे पुढचं सांगत नाहीत, की त्या दिवसाला तिथले लोकच नंतर "ब्लॅक संडे" म्हणायला लागले. म्हणजे त्यांना ते चुकलं हे माहीत होतं, त्याचा त्यांनी अभिमान नाही बाळगला. सत्तर वर्षांपूर्वीची चूक आज परवानगी म्हणून कशी काय दाखवता?

दुसरं उदाहरण मला जास्त शिकवणारं वाटतं. डिस्नीलँडच्याच शेजारी, त्यांच्या जुन्या पार्किंगच्या जागेवर ८ फेब्रुवारी २००१ ला कॅलिफोर्निया अ‍ॅडव्हेंचर हे दुसरं पार्क उघडलं. लोकांनी नाकारलं. लहान मुलांसाठी फार थोडं होतं आणि जागाच स्वस्तातली वाटायची. मग २००७ मधे एक अब्ज डॉलरच्या वरचा दुरुस्तीचा प्लॅन जाहीर झाला आणि जून २०१२ ला ते नव्यानं उघडलं. आता बघा, त्यात नुसत्या नवीन राईड नाही टाकल्या, आत शिरल्यावरचा पहिला रस्ताच अख्खा उखडून नवा बांधला. रस्ता! ज्यावर एकही मोठी राईड नाही. कारण माणसाला आत पाऊल टाकल्या टाकल्या कळतं की इथं कोणी जीव ओतलाय की नाही, आणि ते कळून सुधारायला त्यांना अकरा वर्षं लागली.

अर्थात नुसती जागा छान असून भागतं असंही नाही, ते पण सांगतो. २०१९ च्या ३१ मे ला कॅलिफोर्नियाच्या त्याच डिस्नीलँडमधे गॅलक्सीज एज हा स्टार वॉर्स सिनेमांवरचा झोन उघडला, चौदा एकर, बांधकाम बघत राहावं असं, पण उघडताना राईड एकच. दुसरी मोठी राईड आली १७ जानेवारी २०२० ला, म्हणजे साडेसात महिन्यांनी. सुरुवातीला तर आत जायला वेगळं रिझर्व्हेशन आणि चार तासांची मुदत होती. त्या साडेसात महिन्यांत जे गेले ते गेले. त्यातल्या कित्येकांची ती आयुष्यातली एकच ट्रिप असेल, त्यांना आता कोण परत बोलावून दाखवणार आहे?

हाच तर मुद्दा आहे ना. जाणकार लोक म्हणतात नवीन झोन उघडला की वर्षभर थांबायचं, गडबड शांत झाली की जायचं. मोठ्या माणसाला ठीक आहे. पण भाची आज नऊ वर्षांची आहे. हिरवं दार तिला आज हवंय. पुढच्या वर्षी तिला कदाचित दुसरंच काही आवडत असेल, आणि मला ते वाईट नाही वाटणार, मोठी होतेय ती, पण हे वर्ष तर गेलंच ना तिचं.

मला पूर्णपणे मान्य आहे की बांधकामं लांबतात. सगळीकडेच लांबतात. माझं म्हणणं एवढंच आहे की बुकिंगच्या पानावर सरळ लिहा, आज एक राईड चालू आहे, दुसरी नाही, शो नाही, लाईनमधे ऊन आहे. तिकीट तेवढंच कमी ठेवा. मग ज्याला यायचंय तो येईल आणि हसत येईल. आम्हीसुद्धा आलो असतो बहुतेक! पण ताईनं तिला घरूनच सांगितलं असतं की दुसऱ्या राईडचं काम चाललंय, आपण पत्र्याच्या फटीतून बघू, आणि मग तेच पत्रे तिला मजेचे वाटले असते.

एक गोष्ट मात्र मनापासून चांगली लिहायची आहे, ती न लिहिणं अन्याय होईल. संध्याकाळी आम्ही थकून पुलाजवळ उभे होतो तर मनोऱ्याच्या मागच्या बाजूला, जिकडं फारसं कोणी जात नव्हतं, भिंतीत एक चरकी होती, लोखंडी, हातानं फिरवायची. भाचीनं सहज फिरवली. आतून खडखड असा दात्यांचा आवाज आला आणि वर, दुसऱ्या मजल्याच्या खिडकीत, एक छोटा दिवा लागला. सोडली की हळूहळू विझला. बास, एवढंच. तिनं परत फिरवली. जोरात फिरवली तर दिव्यामागे पडद्यावर एक सावली सरकली, मांजराची. ती जी ओरडली ना, "मामा मांजर!", तसं ती राईडवरपण ओरडली नव्हती. पाच मिनिटांत तिथं आठदहा पोरं जमली, आपोआप लाईन लागली, कोणी सांगितलं नाही, आणि त्या लाईनमधे कोणीच कंटाळलं नव्हतं. प्रत्येकाला मांजर बघायचं होतं, आणि ज्याला दिसलं तो पुढच्याला शिकवत होता की किती जोरात फिरवायचं.

कोणीतरी ही चरकी बनवलीये. कुठल्यातरी मीटिंगमधे ती कापायची राहिली असेल, किंवा कोणीतरी तिच्यासाठी भांडलं असेल. त्या माणसाला मी मनापासून धन्यवाद देतो. असल्या वीस चरक्या असत्या त्या झोनमधे तर मी बंद राईडबद्दल एक अक्षर लिहिलं नसतं.

घरी आल्यावर पार्कला फीडबॅक पाठवलाय, लांबलचक. त्यात पहिली ओळ चरकीची लिहिली, मग त्या आजींची, सावलीची, बंद प्लॅटफॉर्मची, सत्तर सेकंदांचा हिशोबपण टाकला, आणि शेवटी हिरव्या दाराचं. लिहिलंय की अख्खी खोली नको, दार उघडायलापण नको, नुसतं हँडल फिरवल्यावर फटीतून पिवळा उजेड आला तरी पुरे, आतून एक दिवा आणि एक स्विच एवढंच काम आहे ते. अजून उत्तर आलेलं नाही, नुसती पोच आलीये. ताईला म्हटलंय दुसरी राईड उघडली की लगेच बुकिंग करायचं नाही, आधी फोन करून विचारायचं, लाईनवर सावली केलीये का, बसायला केलंय का, आणि मनोऱ्यामागची चरकी अजून चालू आहे का. चालू असेल तर जाऊ.