मिस्टरांना विचारलंय ना?

डॉक्टरांनी फॉर्मवर सही करता करता आईला हे विचारलं. अगदी सहज, ब्लडप्रेशर विचारावं तसं.

आईने नुसती मान डोलावली आणि पर्समध्ये उगाच काहीतरी शोधायला लागली.

आई ५२ वर्षांची आहे. चाळिशी उलटली की लर्निंग लायसन्ससाठी डॉक्टरांचा दाखला लागतो, नमुना १-अ. लाल-हिरवा वेगळा ओळखू येतो का, २५ मीटरवरची नंबरप्लेट वाचता येते का, असं सगळं त्यात असतं. मिस्टरांचा रकाना त्यात कुठेच नाही. पालकांची संमती लागते ती अठराच्या आतल्या, बिनगियरची गाडी शिकणाऱ्या पोरांना.

पंधरा दिवस ती ओट्यापाशी मोबाईल टेकवून वाहतुकीची चिन्हं पाठ करत होती. पोळी लाटता लाटता मला विचारायची, "त्रिकोणातलं म्हणजे सावध करणारं आणि गोलातलं म्हणजे पाळायलाच हवं, बरोबर ना गं?" पंधरापैकी नऊ आले की पास. तिचे तेरा आले! स्क्रीनवर निकाल दिसला तेव्हा तिने माझा हात इतका घट्ट धरला की बांगडी रुतली.

लायसन्स सहा महिने चालेल, पक्क्याची टेस्ट तीस दिवसांनंतर. घरी येताना तिने लाल 'एल'चं स्टिकर घेतलं, पुढचं आणि मागचं.

पण ती डोलावलेली मान डोळ्यांपुढून जात नाहीये. बाबांना तिने विचारलं नव्हतं, सांगितलं होतं. मग डॉक्टरांसमोर ती तसं का म्हणाली नाही? आणि शेजारच्या खुर्चीत बसलेली मी का गप्प राहिले?