युद्ध तिकडे, रेशनकार्ड इकडे

कोकणात युद्धाचा विषय काढला की गाडी सरळ किल्ल्यावर जाते. विजयदुर्ग, सिंधुदुर्ग, सुवर्णदुर्ग, मुरुडचा जंजिरा. मुंबईहून कोणी आलं की दाखवायला तेच आणि रील टाकायला पण तेच, वरून ड्रोन, खाली तटबंदी, मागे ढोलताशा. मला पण किल्ले आवडतात, वाद नाही, पण मला नेहमी वाटतं की गेल्या दीडदोनशे वर्षांत कोकणी माणसाचं जगणं ज्या युद्धांनी बदललं ती बहुतेक इथे झालीच नाहीत. कुठे ब्रह्मदेशात, कुठे अटलांटिक समुद्रात, कुठे कुवेतमध्ये झाली, आणि आपल्या दारात फक्त त्यांचं बिल आलं.

किल्ल्यांबद्दल एवढंच बोलतो, १७५६ चं विजयदुर्ग कोणी रीलमध्ये टाकत नाही. तुळाजी आंग्र्यांचं आरमार तिथे नांगरून होतं, समुद्राकडून वॉटसन आणि क्लाइव्हची इंग्रज जहाजं आली आणि जमिनीवरून कोण, तर पेशव्यांची फौज. गोळ्याने एका जहाजाला आग लागली आणि बघता बघता सगळा ताफा जळाला. पेशवे आणि आंग्रे यांचं आपसातलं भांडण होतं हे मान्य, पण त्यानंतर या किनाऱ्यावर इंग्रजांना खरं अडवेल असं आरमार उरलं नाही, आणि १८१८ मध्ये कोकण त्यांच्याकडे गेलं तेव्हा समुद्राच्या बाजूने प्रश्न कधीच सुटलेला होता.

आता रत्नागिरीचा थिबा पॅलेस. शाळेच्या सहलीत आपण सगळेच गेलोय, पॉइंटवरून सूर्यास्त बघायचा, भेळ खायची आणि घरी. पण ब्रह्मदेशाचा राजा रत्नागिरीत का मेला हे विचारलं की निम्मे लोक गप्प. झालं असं की बॉम्बे बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशन नावाची कंपनी, नावातच बॉम्बे, ती तिकडच्या जंगलातून सागवान काढायची. ठरल्यापेक्षा जास्त ओंडके नेले म्हणून थिबाच्या दरबाराने तिला मोठा दंड ठोकला. इंग्रजांना निमित्तच हवं होतं, शिवाय थिबा फ्रेंचांशी जवळीक करतोय ही धास्ती होतीच. नोव्हेंबर १८८५ मध्ये बोटी इरावतीतून वर गेल्या आणि दोन आठवड्यांत मंडाले पडलं. राजा, राणी सुपायालत आणि मुली यांना आधी मद्रासला आणि मग १८८६ मध्ये रत्नागिरीला आणून ठेवलं. राजवाडा बांधून झाला १९१० मध्ये, म्हणजे इतकी वर्षं गेल्यावर, आणि डिसेंबर १९१६ मध्ये थिबा इथेच गेला. थडगं पण इथेच आहे, २०१२ मध्ये म्यानमारचे तेव्हाचे अध्यक्ष थेन सेन ते बघायला रत्नागिरीत आले होते.

तिकडे ब्रह्मदेशात काय झालं ते महत्त्वाचं आहे. राजा गेला म्हणजे नुसती खुर्ची रिकामी झाली नाही, बौद्ध भिक्षुसंघाला असलेला राजाश्रय गेला, गावागावातली जुनी वतनदारी मोडली, बंडं पुढे काही वर्षं चालू राहिली आणि इंग्रजांनी गावं जाळून ती बंडं मोडून काढली. आणि खालच्या ब्रह्मदेशात मैलच्या मैल भातशेती, सगळी निर्यातीसाठी. तो तांदूळ कोणी खाल्ला? बराचसा आपल्याच देशाने. रत्नागिरी जिल्ह्याचा भात कधी वर्षभर पुरला नाही आणि मुंबईला गेलेल्या चाकरमान्याचं पोट तर विकतच्या तांदळावरच.

मग १९४२ मध्ये जपान्यांनी ब्रह्मदेश घेतला आणि तो तांदूळ एका फटक्यात बंद. बंगालमध्ये १९४३ ला जे झालं ते सगळ्यांना माहितेय, तीस लाखांच्या आसपास माणसं गेली, त्याला कारणं अनेक होती पण हे त्यातलं एक. मुंबईत त्याच वर्षी रेशनिंग सुरू झालं. आपल्या कपाटात जे रेशनकार्ड आहे ना, पत्त्याचा पुरावा म्हणून दहा वेळा झेरॉक्स काढलेलं, त्याचा जन्म दुसऱ्या महायुद्धातला आहे. युद्ध संपलं, इंग्रज गेले, कार्ड राहिलं. युद्धात आलेली सरकारी व्यवस्था सहसा परत जात नाही, जगात कुठेही बघा, इंग्लंडमध्ये तर रेशनिंग १९५४ पर्यंत चालू होतं, म्हणजे जिंकलेल्या देशात!

आता दापोलीकडे या. जुने लोक अजून कॅम्प दापोली म्हणतात, कारण तिथे ईस्ट इंडिया कंपनीच्या पलटणीचा कॅम्प होता आणि नंतर पेन्शनर शिपायांची वस्ती झाली. त्यात महार शिपाई भरपूर, कारण मुंबईच्या फौजेत कोकणातल्या महारांची भरती मोठी होती. गावात ज्याला पाणवठ्यावर जाता येत नव्हतं त्याला फौजेत पगार होता, गणवेश होता आणि मुख्य म्हणजे शाळा होती, शिपायांच्या पोरांना शिकवायची शाळा. मंडणगड तालुक्यातल्या आंबडव्याचे रामजी सकपाळ फौजेत सुभेदार झाले, लष्करी शाळेत मुख्याध्यापक झाले, आणि त्यांचा मुलगा कोण ते मी सांगायची गरज नाही. महाडकडचे गोपाळ बाबा वलंगकर पण फौजेतूनच निवृत्त होऊन दापोलीत राहिले आणि १८८८ मध्ये अस्पृश्यतेवर सवाल टाकणारं पुस्तक काढलं.

आणि मग १८९० च्या दशकात साहेबाच्या डोक्यात आलं की काही जाती लढाऊ आणि काही नाहीत, की झाली महारांची भरती बंद. वलंगकरांनी त्याविरुद्ध अर्ज लिहिला, उपयोग शून्य. १९१७ मध्ये पहिल्या महायुद्धात माणसं कमी पडली तेव्हा मात्र हेच लोक लगेच लढाऊ झाले, १११ महार ही पलटण उभी राहिली, आणि युद्ध संपल्यावर थोड्याच वर्षांत मोडली पण. १९४१ मध्ये परत युद्ध, परत गरज, बेळगावला महार रेजिमेंट उभी राहिली, ती आजपर्यंत आहे. अमेरिकेत काळ्या सैनिकांचं काय झालं ते वाचा, अगदी हाच खेळ. पहिल्या महायुद्धात फ्रान्सला लढून आलेल्यांना १९१९ मध्ये घरी दंगली बघाव्या लागल्या आणि तिथल्या सैन्यातली वेगळी पंगत उठवायचा हुकूम निघाला १९४८ मध्ये. युद्धाने समाज पुढे जातो असं काही लोक छातीठोकपणे सांगतात, मला ते अर्धंच पटतं. गरज असते तोवर दार उघडतं आणि गरज संपली की बंद करायला बघतात, फक्त मधल्या वेळात एखादी पिढी शिकून घेते आणि मग तिला परत मागे ढकलणं जमत नाही.

सगळ्यात जास्त विसरलेले मात्र आपले खलाशी. खाडीकाठच्या गावांतून, दाभोळ, जयगड, राजापूर, तिकडच्या मुसलमान मोहल्ल्यांतून तर घरटी एक माणूस बोटीवर. मुंबईहून सुटणाऱ्या ब्रिटिश बोटींवर डेकवर रत्नागिरीवाले, जेवणाखाण्याच्या कामाला गोव्याचे. वर सारंग, त्याच्या हाताखाली तांडेल, मग खलाशी. पगार गोऱ्या खलाशाच्या पाव हिश्शाच्या आसपास. १९३९ मध्ये युद्ध लागल्या लागल्या भारतीय खलाशांनी ठिकठिकाणच्या बंदरांत संप केला, टॉर्पिडो सगळ्यांना सारखाच लागतो मग पगार का नाही, एवढं साधं म्हणणं, तर कित्येकांना तुरुंगात टाकलं. सप्टेंबर १९४० मध्ये सिटी ऑफ बनारस ही बोट जर्मन पाणबुडीने बुडवली, ब्रिटिश मुलांना कॅनडाला सुरक्षित ठिकाणी नेत होती. त्या मुलांबद्दल लोकांनी भरपूर लिहिलंय आणि लिहायलाच हवं, पण त्याच बोटीवर शंभराच्या आसपास भारतीय खलाशी थंडीने आणि पाण्याने मेले, त्यांच्याबद्दल किती जणांनी वाचलंय?

यांची थडगी नसतात. समुद्रात गेलेल्याला थडगं कुठलं. मागे उरते ती बंद झालेली मनीऑर्डर, आणि बायको, जिला धड विधवाही म्हणता येत नाही कारण मयत कोणी बघितलेलं नाही. मुंबईत मस्जिद बंदरला खलाशांच्या वसतिगृहात त्यांचं स्मारक आहे, दुसऱ्या महायुद्धात समुद्रात गेलेल्या सहा हजारांहून जास्त भारतीय नौदल आणि व्यापारी जहाजांवरच्या लोकांचं, त्या वेळचा भारत म्हणजे आजचे पाकिस्तान आणि बांगलादेश पण आले त्यात. मुंबईच्या गाइडबुकात हे नसतं.

आणि हे काही इतिहासजमा झालेलं नाही. १९९० मध्ये सद्दामने कुवेत घेतलं तेव्हा दीड लाखाहून जास्त भारतीयांना विमानांनी परत आणलं, त्यात रत्नागिरी-रायगडचे किती, ते कुठल्याही मोहल्ल्यात विचारा. अर्धं बांधून राहिलेलं घर, मोडलेलं लग्न, बुडलेला पगार. २०२३ पासून लाल समुद्रात बोटींवर हल्ले सुरू झाले तेव्हा परत तेच, मर्चंट नेव्हीतल्या पोराची आई व्हॉट्सअ‍ॅपवर डबल टिक कधी दिसते ते बघत बसलेली.

एक कामाची गोष्ट. तुमच्या घरात कोणी पणजोबा, चुलत आजोबा युद्धात बोटीवर गेले आणि परत आले नाहीत अशी गोष्ट सांगत असतील, तर कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या वेबसाइटवर नाव टाकून बघा, फुकट आहे. स्पेलिंग दोनचार प्रकारे करून बघा कारण साहेबाने कानाला ऐकू आलं तसं लिहिलंय, आडनाव बऱ्याचदा नसतंच, मग बोटीचं नाव किंवा वर्ष माहीत असेल तर त्यावरून शोधायचं. सापडलं तर मला खाली कळवा, गावाचं नाव टाका, मी यादी करतोय.