खडकात विरत जाणारा ध्वनी

नवी मुंबईतल्या पारसिक डोंगराच्या पायथ्याशी पडलेल्या ताज्या बेसाल्टवर हातोडी मारली की ठणठणीत नाद येतो. माझ्या संग्रहातल्या वालुकाश्माच्या तुकड्यावर तीच हातोडी मारली, तर आवाज जागच्या जागी बसतो. बेलापूरच्या परिसरात गाळाचा खडक उघड्यावर दिसत नाही. पण उरणला नळांवाटे येणारे तेल ज्या चुनखडकातून निघते, तो मुंबईच्या पश्चिमेला सुमारे १६० किलोमीटरवर समुद्रतळाखाली आहे, आणि १९७४ साली ‘सागर सम्राट’ या रिगने तिथे विहीर खणण्यापूर्वी त्याचा माग ध्वनिलहरी खाली सोडून, परत येणारे प्रतिध्वनी टिपूनच काढला होता.

लहर खोल जाते तशी क्षीण होते, याला अनेक कारणे आहेत. ती चहूकडे पसरते आणि थराथरांवरून विखुरते, पण त्यात ऊर्जा केवळ वाटली जाते. खरा ऱ्हास होतो तो ऊर्जेची उष्णता झाल्यामुळे, आणि गाळाच्या खडकात त्याचे मुख्य ठिकाण म्हणजे कणांमधल्या रंध्रांतले पाणी. लहरीच्या दाबाने कणांच्या सांध्यांतल्या बारीक भेगा मिटू लागतात, त्यांतले पाणी शेजारच्या मोठ्या रंध्रांत ढकलले जाते, दाब ओसरला की परत येते; या प्रत्येक येरझारीत पाण्याचा चिकटपणा थोडी ऊर्जा खातो. लहर जाताना सच्छिद्र खडकाच्या सांगाड्याच्या तुलनेत आतला द्रव एकंदरीत कसा हलतो, याचे गणित भौतिकशास्त्रज्ञ मॉरिस बायो यांनी १९५६ साली मांडले. चंद्रावरचे खडक जवळजवळ पूर्ण कोरडे आहेत, आणि १९६९ मध्ये अपोलो १२ च्या यानाचा टाकून दिलेला भाग तिथे आदळल्यावर भूकंपमापकावर कंपने जवळजवळ तासभर चालू राहिली, ही गोष्ट मला या संदर्भात फार बोलकी वाटते.

खडकाचा हा गुण ‘क्यू’ या अंकाने मोजतात; क्यू जितका लहान, तितका ऱ्हास मोठा. क्यू ५० धरला आणि लहर एक सेकंद खडकात राहिली, तर १० हर्ट्झच्या (सेकंदाला १० कंपनांच्या) लहरीचा आयाम, म्हणजे कंपनाचा आवाका, मूळच्या ५३ टक्के उरतो, तर १०० हर्ट्झच्या लहरीचा जेमतेम ०.२ टक्के. पातळ थर वेगळे दाखवण्याची ताकद उच्च वारंवारतेतच असते, म्हणून खोलवरचे चित्र धूसर येते; संगणकाने त्या वारंवारतेचा जोर वाढवला, तर तिच्याबरोबर गोंगाटही वाढतो.

तरीही या ऱ्हासाकडे केवळ अडचण म्हणून पाहणे मला पटत नाही. रंध्रे पूर्ण कोरडी असोत वा पाण्याने पूर्ण भरलेली, दाबलहरीचा ऱ्हास त्या मानाने कमी असतो. पाण्यात थोडा वायू मिसळला की तो एकदम वाढतो, कारण वायू सहज दबतो आणि पाण्याला सरकायला जागा मिळते. त्यामुळे एखाद्या थराखाली उच्च वारंवारता अचानक नाहीशी झाली, तर त्या थरात वायू असल्याची शंका घेता येते. मात्र थोडासा वायूही हा परिणाम घडवू शकत असल्याने, साठा काढण्याजोगा आहे की नाही हे एवढ्यावरून ठरत नाही.